ओटलोवरचे गोबरे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज एकेचाळीस गोबरे मोजले. सरासरी लांबी बासष्ट सेंटिमीटर. फेब्रुवारीत खारीपोरच्या बंदरावर हे काम सुरू केलं तेव्हा मासा हातात धरायलाही घाबरत होते. आता कल्ल्यात अंगठा घालून उचलते आणि मोजायच्या फळीवर सरळ करते. बंदरावरच्या जेठीबेन हसतात. म्हणतात, "डिंडोलीची पोयरी आता माछीमार झाली." पोयरी म्हणजे पोरगी, आणि डिंडोलीला आमचं घर.

जेठीबेन नसत्या तर हे काम मला जमलंच नसतं. त्यांचा मुलगा धनसुख टंडेल आहे, म्हणजे होडीचा मुख्य. समुद्रात तीस मैल आत पाण्याखाली मोठा खडक आहे. त्याचं नाव ओटलो, कारण तो ओट्यासारखा सपाट आहे म्हणे. गावातल्या चौदा होड्या तिथे गळ टाकतात. होड्या परत यायची वेळ भरतीप्रमाणे रोज बदलते, म्हणून जेठीबेन मला आदल्या दिवशी फोन करतात की उद्या अमुक वाजता ये. मी स्कूटर काढते. उधना, मगदल्ला, मग खारा वारा. पोचते तेव्हा मासे ओळीने मांडलेले असतात. मी मोजते, जेठीबेन कोयत्याने पोट चिरतात, आत नर आहे की मादी ते मी बघते आणि लिहिते.

एक गोष्ट समजत नाही. एकेचाळीसात माद्या फक्त चार. गोबरा जन्मतो मादी म्हणून. काही वर्षं अंडी घालतो आणि खूप मोठा झाला की त्यातले काही नर होतात. मग माद्या पुष्कळ हव्यात आणि नर थोडे. माझ्या वहीत उलटं आहे. माद्या बहुतेक दुसऱ्या खडकावर राहत असतील. मत्स्य संशोधन केंद्रातल्या हेमांगिनी मॅडमना विचारायला हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमनी केंद्रातल्या सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. इतक्या सलग नोंदी या किनाऱ्यावर कुणी केल्या नाहीत म्हणाल्या. माद्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "असेल काहीतरी स्थानिक कारण. आधी लांबीचा तक्ता पूर्ण कर."

सरकारची समिती वीस जानेवारीला बसणार आहे. ओटलोवर गोबरे अंडी घालायला जमतात त्या तीन महिन्यांत मासेमारी बंद करायची का, आणि पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतला मासा पकडायला मनाई करायची का, हे ठरायचं आहे. मोठा मासा भरपूर मिळत असेल तर खडक धडधाकट आहे, बंदी नको. बारीकच मिळत असेल तर बंदी. सगळं माझ्या आकड्यांवर.

माझे आकडे बंदी नको म्हणतात. मला बरं वाटलं. जेठीबेनच्या घरी वाईट बातमी घेऊन जावं लागणार नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

फोन होता साडेनऊचा. पोचले तेव्हा खाडीत पाणीच नव्हतं. धनसुखची होडी चिखलात कलंडून बसली होती. घोट्यापर्यंत रुतत तिथवर गेले, एक चप्पल आतच राहिली. जेठीबेननी हाताला धरून वर काढलं आणि पाय धुवायला गरम पाणी दिलं.

"होड्या आत्ताच आल्या का?" मी विचारलं.

"आत्ताच," त्या म्हणाल्या. "तुला एवढ्या लांबून थंडीत यायचं. लवकर येऊन काय करणार?"

बावीस मासे. सगळे साठच्या वर. एक तर अठ्ठ्याण्णव! धनसुख तो दोन्ही हातांनी उचलून धरून उभा राहिला, मी फोटो काढला. अहवालाच्या मुखपृष्ठावर टाकेन. निघताना जेठीबेननी सुके बोंबील बांधून दिले. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत.

येताना त्या अरुंद रस्त्यावर बर्फाचा टेंपो समोरून आला. नेहमी भेटतो. मागून पाणी गळत असतं आणि माझ्या अंगावर उडतं. त्या ड्रायव्हरला एकदा सांगायला हवं.

७ डिसेंबर, रविवार

अहवालाचा कच्चा मसुदा काल पाठवला. आज घरी होते. बाबांना हौसेने सगळं वाचून दाखवलं. मोठ्याने वाचावं लागतं. पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, कापडाच्या मागांच्या खडखडाटात काढल्यावर त्यांच्या कानाला आता फक्त ओरडणं ऐकू येतं. समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिला असेल, तरी मन लावून ऐकत होते. तक्त्यातल्या सव्वीस तारखेच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले,

"आठे भरतीनी येळ लिखेल शे. सहा चाळीस. आनि तू मोजं कव्हय?"

"साडेनऊला. होड्या आल्यावर."

"मंग व्हडी कशी उनी? पानी तं निंघी गयं व्हई ना."

मी म्हटलं, बाबा, होडी पाण्यात असते, तुम्हाला नाही कळायचं. त्यांनी अडकित्ता काढला. थोड्या वेळाने सुपारी कातरता कातरता स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "सेठ माल दखाले येवाना व्हता का आम्ही चांगला ताका वर ठेवूत. दागवाला खाले."

मला राग आला. दहा महिन्यांचं काम आणि ते त्याची कापडाच्या ताक्यांशी तुलना करतात. आई म्हणाली, जेवून घ्या दोघं. मी जेवले नाही. हे लिहितानाही रागच येतो आहे.

८ डिसेंबर

वही काढून बसले. भरतीची वेळ मी रोज लिहिते, केंद्राचा नियम आहे. मोजायला सुरुवात केल्याची वेळही लिहिते. दोन्ही रकाने शेजारी शेजारी आहेत. दहा महिने मी ते भरले आणि एकदाही एकमेकांशी ताडून पाहिले नाहीत.

एकशे सदतीस दिवसांपैकी एकशे बारा दिवस मी भरतीनंतर दोन ते तीन तासांनी पोचले आहे. भरती पहाटेची असो की दुपारची.

कारणं शोधते आहे. होड्या बाहेर नांगर टाकून थांबत असतील आणि पाणी उतरायच्या आत शेवटी शिरत असतील. लिहितानाच कळतंय की हे खरं नाही. त्या दिवशी होडीच्या तळाखालचा चिखल सुकत आला होता.

१० डिसेंबर, बुधवार

भरती पुन्हा सहा चाळीसची. फोन होता साडेनऊचा. मी सव्वासहाला पोचले.

स्कूटर देवळामागे लावली. उजाडत होतं. सगळ्या होड्या पाण्यात, धक्क्याला लागलेल्या, पन्नासेक माणसं, इतकी गडबड त्या बंदरावर मी कधी पाहिली नव्हती. बायका दोन ढीग करत होत्या. एक मोठा, एक छोटा. मोठ्या ढिगातले मासे लहान होते. बर्फाचा टेंपो धक्क्यावर उलटा लावलेला आणि क्रेटमागून क्रेट आत जात होते.

मी जवळ जाऊन एक उचलला. कोपरापासून बोटांपर्यंतही भरला नाही. पोट फुगलेलं. दाबलं तर अंडी बाहेर आली, केशरी, रव्यासारखी. दुसरा उचलला, तेच. कोवळ्या माद्या, बहुतेक पहिल्यांदाच अंडी धरलेल्या. माझ्या वहीत ज्या नव्हत्या त्या सगळ्या इथे होत्या.

आधी एका बाईने मला पाहिलं, मग दुसरीने. आवाज कमी कमी होत बंद झाला. नुसतं होडीचं यंत्र चालू होतं. धनसुख टेंपोवरून खाली उतरला. माझ्या हातातला मासा त्याने घेतला, ओढून नाही, हळूच, आणि क्रेटमध्ये टाकला.

"साडेनऊला सांगितलं होतं ना, बेन," तो म्हणाला.

जेठीबेन छोट्या ढिगापाशी बसल्या होत्या. माझ्यासाठीचा ढीग. ओळीने लावत होत्या, मोठ्यापासून लहानाकडे, मला फळीवर घ्यायला सोपं जावं म्हणून नेहमी लावतात तसे. त्यांनी मान वर केली नाही.

स्कूटरपर्यंत चालत आले. बर्फाचा टेंपो निघायच्या आत तो अरुंद रस्ता पार केला.

११ डिसेंबर

जेठीबेनचा फोन. उचलला नाही. पुन्हा आला. उचलला.

"पोयरी, तू घरची आहेस," त्या म्हणाल्या. "घरचं बाहेर नेतात का?"

मी विचारलं, पहिल्या दिवसापासून असं होतं का?

"पहिल्या दिवशी तू ओळखीची नव्हतीस," त्या म्हणाल्या. "मग ओळख झाली. तेव्हा सांगायला हवं होतं. पण तेव्हा सांगणार तरी कसं?"

मला ओरडायचं होतं. ते गरम पाणी, ते बोंबील, हाताला धरून चिखलातून काढणं, सगळं मला उशिरा आणण्यासाठी होतं का, हे विचारायचं होतं. उत्तराची भीती वाटली. फोन ठेवून दिला.

१३ डिसेंबर, शनिवार

मॅडमना सगळं सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. वहीची पानं मागून पुढे, पुढून मागे बघितली. चेहरा उतरला होता. मग म्हणाल्या, "एका सकाळी तू जे पाहिलंस त्याचं माप आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"मग तो पुरावा नाही, वर्षा. दहा महिन्यांच्या नोंदी हा पुरावा आहे. अहवाल वर गेला आहे. हवं तर खाली बारीक अक्षरात लिहू, सर्व मासे मोजता आले नाहीत, असं."

"पण मॅडम, तो अहवाल वाचून बंदी नको असंच ठरेल."

"ते समिती ठरवेल." मग आवाज खाली आणून, "तुझं कंत्राट मार्चला संपतंय. मला तुला पुढे घ्यायचंय. समजतंय ना?"

किती काळजी करतात माझी. तरी खाली उतरताना जिन्यातच बसले आणि वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.

२० डिसेंबर

माप हवं तर माप घेऊ म्हणून आज पुन्हा गेले. भरतीच्या वेळी, उघडपणे, फळी हातात घेऊन. दुपारचे तीन वाजले होते.

बायका धक्क्यावर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामागून क्रेट जात राहिले. मी डावीकडे गेले की ओळ डावीकडे सरकायची. त्यातल्या अर्ध्याजणींच्या घरी मी चहा प्यायले आहे. मला वाटलं कुणीतरी हसेल, आणि मग सगळं सैल होईल. कोणी हसलं नाही. मागून कुणीतरी फळी ओढली. वळेपर्यंत ती खाडीत होती. भरतीच्या पाण्यात उभी आडवी होत गेली.

जेठीबेन ओळीत नव्हत्या. कुठेच दिसल्या नाहीत.

घरी सांगितलं नाही. बाबांनी फळी कुठे म्हणून विचारलं. केंद्रात राहिली म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही बहुतेक, कारण त्यांनी पुन्हा विचारलं आणि मला तेच खोटं पुन्हा ओरडून सांगावं लागलं.

२ जानेवारी, शुक्रवार

धनसुख घरी आला होता. डिंडोलीत, आमच्या दोन खोल्यांत. मी दार उघडलं तर हाच उभा. एकटाच. पत्ता जेठीबेनकडून घेतला असणार. मी आईकडे पाहिलं. आई काही न विचारता स्टोव्हकडे गेली.

तो खुर्चीवर बसला नाही. जमिनीवर बसला, बाबांच्या समोर. म्हणाला, "बेन, भांडायला नाही आलो. एक विचारायला आलो. तीन महिने ओटलो बंद झाला तर बंद कुणाला होणार?"

"सगळ्यांना."

"नाही. आम्हाला. आमच्या होड्या ह्या खाडीतून निघतात, त्या कुणीही मोजेल. बाहेरून मोठे ट्रॉलर येतात ते कुठून निघतात तुला माहीत आहे? आम्ही गळाने एकेक काढतो. ते जाळं खडकाच्या कडेने ओढत नेतात, माशाबरोबर दगडही येतात. चार वर्षांपूर्वी ओटलोवर एवढा मासा यायचा," त्याने हात पसरले, "आता बारीक का येतो? आम्ही खाल्ला म्हणून?"

"तुम्हीही खाल्लात," मी म्हटलं. "अंडी भरलेल्या माद्या नेताय."

"नेतो," तो म्हणाला. "नेलं नाही तर ते नेतील."

"मग हे समितीला का नाही सांगितलंत? मला का नाही सांगितलंत?"

त्याने चहाचा कप जमिनीवर ठेवला. मग म्हणाला, "तू मासे मोजायला आलीस. ट्रॉलर कुठे मोजत होतीस?"

माझ्या वहीत त्यासाठी रकानाच नाही.

बाबांनी अर्ध्यातलं काही ऐकलं, काही नाही. धनसुख चहा पिऊन उठला तेव्हा त्याचा हात धरून म्हणाले, "भाऊ, आमनं लूम बंद पडं तव्हय बी आमले कोनी इचारं नई. पन पोरले खोटं लिखाले नको सांगू." धनसुखला अहिराणी किती कळली कोण जाणे. त्याने हात सोडवून घेतला नाही एवढं मी पाहिलं.

दारातून म्हणाला, "वीस तारखेला तू बोललीस तर बा पुन्हा तुझं नाव घेणार नाही." बा म्हणजे जेठीबेन.

हा धाक होता की विनंती, कळलं नाही.

१४ जानेवारी

उत्तरायण. सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर आहे. स्पीकरांनी भिंती हलतायत. मी खाली बसून वीस तारखेच्या बोलण्याचे मसुदे लिहिते आणि फाडते. आई तीन वेळा बोलवायला आली.

एक मसुदा असा आहे की मी काहीच बोलत नाही. तो सगळ्यात सोपा लिहून झाला. त्यात मॅडम खूश, खारीपोर खूश, माझं काम चालू. फक्त ओटलोवर दोन-तीन वर्षांत काही उरणार नाही, आणि तेव्हा कुणी माझी वही उघडली तर त्यात बासष्ट सेंटिमीटर लिहिलेलं असेल.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "खरं सांगशी तं नोकरी जाई." मी म्हटलं, हो. "मंग?" म्हणाले. आणि माझ्याकडे बघत राहिले. सल्ला काही दिला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच वेगळं सांगेन.

बैठक अकराला. लांब टेबल, समितीचे सात जण, बाटलीबंद पाणी. मागच्या खुर्च्यांवर खारीपोरची वीसेक माणसं. जेठीबेन दुसऱ्या ओळीत, नवी साडी, हात मांडीवर. मॅडमनी अहवाल मांडला. मुखपृष्ठावर धनसुख तो अठ्ठ्याण्णवचा मासा उचलून उभा. अध्यक्ष फोटो बघून म्हणाले, "वाह."

मॅडम म्हणाल्या, "नोंदी वर्षाने घेतल्या आहेत. काही विचारायचं असेल तर."

मी उभी राहिले. आवाज निघाला तो नको तितका मोठा. बाबांशी बोलायची सवय.

मी म्हटलं, "या अहवालातली लांबी चुकीची आहे. मी मोजलेले मासे खरे आहेत, पण ते पकडलेल्यांपैकी निवडक होते. भरतीला होड्या लागतात, मी दोन-तीन तास उशिरा पोचत होते. तोवर लहान मासा निघून गेलेला असायचा. भरतीची वेळ आणि माझी वेळ वहीत शेजारी शेजारी आहे. कुणीही ताडून बघा. हे आकडे धरून काही ठरवू नका."

मागे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी गुजरातीत शिवी दिली. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, समोरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होत्या.

अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला उशिरा कोण बोलवत होतं?"

मी मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर कळलं असतं सगळ्यांना.

"कुणी नाही," मी म्हटलं. "भरती बघून जाणं माझं काम होतं. मी केलं नाही. चूक माझी आहे."

"दहा महिने?"

"हो. दहा महिने."

एक सदस्य हसले. मला ते हसू अजून ऐकू येतंय. मी पुढे म्हटलं, "आणखी एक. बंद करायचं असेल तर मोठ्या ट्रॉलरनाही बंद करा, आणि आधी त्यांना. खडकाची कड ते खरवडतात. फक्त या चौदा होड्या थांबवल्यात तर मासा वाचणार नाही आणि ही माणसंही." धनसुख तोवर उभा राहिला होता, बहुतेक मला खोटं पाडायला. तो तसाच उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. त्याने ट्रॉलरांचं सांगितलं, तारखांसकट, जागांसकट. लहान माशांबद्दल तो काही बोलला नाही. पण मी खोटं बोलते असंही म्हणाला नाही.

शेवटी ठरलं की केंद्राचा दुसरा माणूस महिनाभर होड्यांवर जाऊन, पकडल्या जागीच, मासा मोजेल. गावाने एकच अट घातली, मी नको. अट मान्य झाली.

बाहेर पडताना जेठीबेन जिन्यात होत्या. मी थांबले. त्या बाजूने निघून गेल्या.

२३ जानेवारी

मॅडमनी बोलावलं. मार्चपर्यंत थांबायची गरज नाही म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "अहवालावर माझी सही होती, वर्षा," एवढंच म्हणाल्या. मला याआधी हे सुचलंच नव्हतं. मी माझ्याच नावाचा विचार करत होते.

वह्या जमा केल्या. ही घरची, म्हणून राहिली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पलसाण्याला कापड रंगवायच्या एका खात्यात पाणी तपासायचं काम मिळालं आहे. हायवेला बस सोडते. आज बसमध्ये केंद्रातल्या किरणचा फोन आला. माझ्या जागी होड्यांवर तोच गेला होता. बिचारा पहिले चार दिवस नुसता ओकत होता म्हणे.

सहाशे तीन गोबरे. सरासरी अडतीस सेंटिमीटर. दहातले आठ मादी.

एक मार्चपासून एकतीस मेपर्यंत ओटलो बंद. सगळ्यांना, ट्रॉलरसकट, खडकाभोवती पाच मैल. पहारा करायला खात्याची बोट, आणि तिच्यावर आळीपाळीने खारीपोरचा एक माणूस. जूनपासून पावसाळ्याची नेहमीची बंदी असतेच, म्हणजे गावाला ऑगस्टच्या मध्यापर्यंत ओटलो नाही. या दिवसांत ते काय करतील, किरणने विचारलं नाही आणि मीही नाही. मला आनंद व्हायला हवा होता. खिडकीबाहेर उसाचे ट्रॅक्टर चलथाणकडे चालले होते, ते बघत बसले.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटचा दिवस. का गेले माहीत नाही. सुट्टी काढली आणि गेले. भरती दुपारी एकची. बारा वाजल्यापासून देवळापाशी उभी होते. उन्हाने डोळे दुखत होते. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

होड्या आल्या. सगळ्या जवळजवळ रिकाम्या. ओटलोवर काल दोन ट्रॉलर फिरून गेले होते म्हणे, बंद व्हायच्या आधी हात मारून घ्यायला. धनसुख शेवटचा आला. त्याने मला पाहिलं, होडीत वाकला आणि एक गोबरा काढून माझ्या पायांपाशी धक्क्यावर ठेवला. एकच. तपकिरी, ठिपक्यांचा, पोट गच्च.

"मोज," म्हणाला.

"मी आता केंद्रात नाही."

"माहीत आहे. मोज."

फळी नव्हती. पर्समध्ये ब्लाउज शिवायला न्यायची मोजपट्टी होती, कापडी. उकिडवी बसले. एक टोक माशाच्या तोंडाशी धरलं की दुसरं सटकायचं, वारा होता. शेपटीकडचं टोक कुणीतरी धरायला हवं होतं. धनसुख दोर बांधायला वळला होता.

एक हात आला आणि त्याने शेपूट सरळ केली, पट्टी अंगठ्याने दाबून धरली. बोटांवर कोयत्याचे जुने व्रण. मी मान वर केली नाही. आकडा वाचला. मग त्यांनी कोयता घेतला, पोट चिरलं, कडा दोन बोटांनी उघडून धरल्या, मला नीट दिसेपर्यंत.

"लिही," धनसुख म्हणाला.

कुठे लिहू, विचारलं. तो म्हणाला, तुझ्याकडे वही असेलच.

जेठीबेन उठल्या. हात धुवून घरात गेल्या, दार मात्र उघडंच राहिलं. अजून रागावलेल्या असणार. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

ओटलो. गळ. टंडेल धनसुख. गोबरा, मादी, अठ्ठावन्न सेंटिमीटर. अंडी पूर्ण भरलेली. भरती एक वाजता. मोजलं एक वाजून दहा मिनिटांनी.